जोड-ॲम्प्लिफायर : एक घरगुती अनुभव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, मार्केट यार्ड, पुणे येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला व्याख्यानासाठी पाचारण केले तेव्हा 'सेवानिवृत्त शिक्षकाच्या आठवणी' अशा धर्तीचे काही ऐकावयास मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेल्या वर्षभरात मंडळाच्या ज्या ज्या घरी जाण्याचा योग आला, तेथे आठवणींपेक्षा निराळाच प्रश्न मला विचारण्यात आला. "गुरुजी, तुमच्याकडे होम थिएटरला वेगळा ॲम्प्लिफायर जोडला आहे म्हणे, आम्हीही जोडावा काय?" असा तो प्रश्न होय. दारात उभे राहून एकेकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सर्वांसमक्ष सविस्तर सांगावे, ह्या हेतूने आज हा विषय घेतला आहे. ह्या अनुभवाचा शेवट मात्र मी ज्या ठिकाणी होईल असे समजत होतो तेथे झाला नाही. तोही भाग मी सांगणार आहे, आणि खरे पाहता तोच अधिक महत्त्वाचा आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. मी इंजिनिअर नव्हे. जुनी अकरावी, म्हणजे जिला आपण मॅट्रिक म्हणत असू ती परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि निवृत्त होईपर्यंत मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकवीत राहिलो. तेव्हा जे यंत्राच्या माहितीपुस्तकात वाचले, जे तपकीर गल्लीतील एका जाणत्या कारागिराने समजावून दिले आणि जे स्वतः पडताळून पाहिले, तेवढेच मी बोलणार आहे.

आवाज मोठा करण्याची गरज माणसाला फार पूर्वीपासून आहे. संगीत रंगभूमीच्या पहिल्या काळात नटाला स्वतःच्या छातीच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवावा लागे. यंत्राचे साहाय्य त्याला नव्हते. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट ह्यांनी तीन अग्रांची निर्वात नळी तयार केली आणि अशक्त विद्युत्-लहर बलवान करण्याचा मार्ग खुला झाला. पुढे १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि तेच काम नखाएवढ्या वस्तूकडून होऊ लागले. आपल्या पुण्यापुरते बोलावयाचे तर प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून येथे आली, तिचा 'संत तुकाराम' हा बोलपट १९३६ साली निघाला आणि १९५३ साली पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. ज्या पिढीने शेजारच्या घरी जाऊन रेडिओ ऐकला, तिच्याच नातवंडांनी आज दिवाणखान्यात चित्रपटगृह मांडले आहे. काळाचा हा वेग विलक्षण खरा. परंतु यंत्र घरात आले म्हणून त्याची समजही घरात आली, असे होत नाही.

होम थिएटरमध्ये मुख्य यंत्र असते त्यास रिसीव्हर म्हणतात. तो काय काय करतो हे कळल्यावाचून त्यास जोड कशाची द्यावयाची हे कळणार नाही. आपल्यापैकी कित्येकांचा चरितार्थ ह्या मार्केट यार्डावर चालतो. म्हणून दाखला इथलाच देतो. गाळ्यावर माल आला की दिवाणजी कोणाचा माल, किती डाग, काय भाव, हे पाहतो आणि शेतकऱ्याची पट्टी तयार करतो. तोलणार वजन करतो. हमाल पाठीवर पोते घेऊन ते जागेवर पोचवितो. आता अशी कल्पना करा की एका गाळ्यावर एकच मनुष्य ठेवला आहे. वही त्यानेच लिहावयाची, तोल त्यानेच करावयाचा आणि पोतीही त्यानेच वाहावयाची. माल थोडा असेल तर तो बिचारा निभावून नेईल. परंतु एकाच वेळी सात गाड्या आल्या, तर त्याची पाठ मोडेल आणि वहीतही चुका होतील.

रिसीव्हर हा तसा एकटा मनुष्य आहे. दूरदर्शन-संच, सेट-टॉप बॉक्स, तबकडीचे यंत्र ह्यांपैकी कोणाचे ऐकावयाचे ते तो ठरवितो. डॉल्बी वा डीटीएस पद्धतीने गुंडाळलेला आवाज उलगडून पाच किंवा सात वाटांनी वेगळा करतो. आवाज किती ठेवावयाचा ते पाहतो. हे झाले दिवाणजीचे व तोलणाराचे काम. ह्यावर पुन्हा त्या पाच-सात स्पीकरांना प्रत्यक्ष हलविण्याचे बळही तोच पुरवितो. हे हमालाचे काम. पॉवर ॲम्प्लिफायर म्हणजे केवळ पाठ बळकट असलेला, वहीला हात न लावणारा गडी. तो जोडला की वही दिवाणजीकडे राहते आणि जड पोती गड्याकडे जातात. ह्यापेक्षा अधिक गूढ असे त्यात काही नाही.

आता माझी हकीकत. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरास गेले. जाताना त्यांनी आपला रिसीव्हर व पाच स्पीकर आमच्या येथील घरी आणून ठेवले. "बाबा, तुम्ही दोघे घरीच असता, जुने चित्रपट पाहा, गाणे ऐका," असे ते म्हणाले. आमचा दिवाणखाना अकरा फूट रुंद व पंधरा फूट लांब. घर यार्डाजवळ असल्यामुळे मध्यरात्र उलटली की मालगाड्यांची घरघर सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते; त्याची आम्हांस सवय आहे. पहिले काही महिने आनंदात गेले. पुढे एक विघ्न सुरू झाले. पखवाजाची जुगलबंदी रंगात आली किंवा चित्रपटात युद्धप्रसंग आला की रिसीव्हर टक् असा आवाज करून आपोआप बंद पडे. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होई आणि पुन्हा बंद पडे.

मी तपकीर गल्लीतील त्या कारागिरास घरी आणले. मला वाटले, हा आता नवे यंत्र घ्या म्हणेल. त्याने प्रथम कपाटाचे दार उघडले. रिसीव्हर मी धुळीच्या भयाने काचेच्या बंद कपाटात ठेवला होता, आणि त्यावर सौ.नी विणलेला रुमालही घातला होता! यंत्राच्या वर चार बोटेदेखील मोकळी जागा नव्हती. "गुरुजी, ह्याला श्वास कोठून घेता येणार?" असे तो म्हणाला. ॲम्प्लिफायरमध्ये जी वीज जाते तिचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती उष्णता अडली की यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी बंद होते. यंत्र बिघडले होते असे नव्हे. ते शहाणपणाने वागत होते. आम्ही ते उघड्या फळीवर ठेवले. दुसरी गोष्ट त्याने अशी केली की रिसीव्हरच्या मांडणीत स्पीकर 'लहान' आहेत असे नोंदविले आणि ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे वळविला. सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. त्यामुळे सर्वांत जड पोती आपोआपच दुसऱ्याच्या पाठीवर गेली. ह्या दोन्ही उपायांस एक पैसाही लागला नाही. ज्यांनी मला प्रश्न विचारला आहे त्यांनी आज घरी गेल्यावर प्रथम हेच दोन उपाय करून पाहावेत. निम्म्या लोकांचे काम तेवढ्यानेच भागेल, असा माझा अंदाज आहे.

आमचे मात्र पूर्ण भागले नाही. यंत्र बंद पडणे कमी झाले, पण थांबले नाही. तेव्हा कारागिराने समोरच्या दोन मोठ्या स्पीकरांच्या पाठीमागील पट्टी वाचली. त्यावर ४ ओहम असे लिहिले होते. आणि रिसीव्हरच्या माहितीपुस्तकात ६ ओहमपेक्षा कमी रोधाचे स्पीकर जोडू नयेत अशी स्पष्ट सूचना होती. येथे थोडे शाळेतील गणित करू. समजा, ॲम्प्लिफायर २८ व्होल्ट दाब देत आहे. ८ ओहमच्या स्पीकरातून २८ भागिले ८, म्हणजे साडेतीन अँपिअर प्रवाह वाहील, आणि शक्ती होईल ९८ वॅट. तोच दाब ४ ओहमच्या स्पीकरास दिला तर प्रवाह सात अँपिअर, म्हणजे दुप्पट, आणि शक्ती १९६ वॅट. स्पीकर जितक्या कमी ओहमचा, तितके पोते जड. पूर्वी यार्डात शंभर किलोची पोती असत. हमालांनी चळवळ करून ती पन्नास किलोवर आणविली. माझा रिसीव्हर पन्नास किलोच्या बोलीवर आलेला गडी होता आणि मी त्याच्या पाठीवर शंभर किलोचे पोते ठेवीत होतो. बंद पडून तो निषेधच नोंदवीत होता म्हणा ना!

ह्याच ठिकाणी डब्यावर छापलेल्या वॅटांविषयी एक सावधगिरीची सूचना देतो. 'दर वाटेस ८० वॅट' असे लिहिलेले असते. परंतु बारीक अक्षरांत पाहावे तर ते मोजमाप दोनच वाटा चालू ठेवून केलेले आढळते. पाच-सात वाटा एकदम चालू झाल्या की सर्वांना मिळून एकच ट्रान्सफॉर्मर वीज पुरवितो. साहजिकच प्रत्येकाच्या वाट्यास कमी येते. एका भाकरीचे दोन तुकडे केले तर ते मोठे, सात केले तर लहान.

तेव्हा पॉवर ॲम्प्लिफायर घेण्याचे ठरले. पण घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे. रिसीव्हरच्या पाठीवर 'प्री-आउट' अशा नावाची छिद्रे आहेत की नाहीत? पोते उचलण्यापूर्वीचा, तोल झालेला पण बळ न दिलेला आवाज ह्या छिद्रांतून बाहेर मिळतो. स्वस्त रिसीव्हरांत बहुधा ही सोय नसते, किंवा केवळ सबवूफरपुरतीच असते. ती नसेल तर जोड-ॲम्प्लिफायरचा विचार तेथेच सोडावा. आमच्या यंत्रात सुदैवाने होती. वेतनाच्या फरकाची काही रक्कम मी बाजूस ठेवली होती. तीतून ३८,००० रुपये देऊन दोन वाटांचा, वापरलेला पण चांगल्या स्थितीतील ॲम्प्लिफायर घेतला. ८ ओहमला १२५ वॅट व ४ ओहमला २०० वॅट अशी त्याची योग्यता. वजन चौदा किलो. सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, इतक्या पैशांत घरातले बोलणे तरी नीट ऐकू येईल ना?" त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

जोडणी अवघड नाही, परंतु शिस्तीने करावी लागते. सर्व यंत्रे बंद करून त्यांचे प्लग भिंतीतून काढावेत. रिसीव्हरच्या 'प्री-आउट'मधील डाव्या-उजव्या छिद्रांतून जाळीदार आवरणाच्या दोन तारा ॲम्प्लिफायरच्या आत-छिद्रांत न्याव्यात. समोरच्या दोन स्पीकरांच्या तारा रिसीव्हरवरून काढून ॲम्प्लिफायरला लावाव्यात; तांबड्यास तांबडी व काळ्यास काळी. तांब्याचा एकही सुटा तंतू शेजारच्या खुंटीस लागता कामा नये. मधला आणि मागचे स्पीकर पूर्वीप्रमाणे रिसीव्हरवरच राहतात. सुरू करताना रिसीव्हर आधी आणि ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी; बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. हा क्रम उलटला तर रिसीव्हर सुरू होतानाचा धक्का मोठा होऊन स्पीकरवर आदळतो.

प्रथम सुरू केले तेव्हा तंबोऱ्यासारखी अखंड 'घुं' ऐकू येऊ लागली. गाणे मात्र नव्हते! हा दोष अनेकांच्या अनुभवास येतो. निरनिराळी यंत्रे दोन निरनिराळ्या मार्गांनी जमिनीशी जोडली गेली की त्यांच्यामधून विजेच्या ५० आवर्तनांचा अनिष्ट प्रवाह फिरतो आणि तो आवाजात मिसळतो. कारागिराने एकेक तार काढून पाहिली. सेट-टॉप बॉक्सची केबल काढताच घुमणे थांबले. त्या केबलवर एक लहानसा विलगक बसविला आणि सर्व यंत्रे एकाच पट्टीवरून चालविली. दोष नाहीसा झाला. काही जण प्लगची जाड तिसरी पिन कापून टाकण्याचा सल्ला देतात. तो सल्ला चुकूनही मानू नका. ती पिन जीव वाचविण्यासाठी आहे. घुमणारे यंत्र सहन करता येईल. विजेचा धक्का बसलेला मनुष्य परत येत नाही.

ह्या सर्व खटाटोपाचे फळ काय मिळाले? यंत्र बंद पडण्याचे कायमचे थांबले. पखवाजाचा घाव भरदार आणि स्वच्छ येऊ लागला. आवाज फार मोठा झाला काय? नाही. ह्याविषयी पुष्कळ गैरसमज आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानास तो जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटावा इतका वाढविण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. सामान्य घरात गाणे ऐकताना सरासरी एखादा वॅटच खर्ची पडतो. परंतु एखादा घाव सरासरीपेक्षा २० डेसिबलनी उंच उडाला, तर त्या क्षणापुरती शंभरपट, म्हणजे शंभर वॅट शक्ती हाताशी असावी लागते. नसेल तर लहरीचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. जोड-ॲम्प्लिफायर ही त्या क्षणासाठीची गंगाजळी होय, रोजच्या आरडाओरड्याची मुभा नव्हे. निवासी विभागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. आणि शेजारधर्म तर त्याहून जुना आहे.

आता ज्या भागाचा मी आरंभी उल्लेख केला तो भाग. सौ. समोरच बसल्या आहेत. त्यांची संमती घेऊनच सांगत आहे.

ॲम्प्लिफायर बसविला त्या रात्री आम्ही एक चित्रपट लावला. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "अहो, गाणे मोठे झाले, पण बोलणे पूर्वीपेक्षाही कळत नाही." मी थोडा चिडलोच. पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरातून येतात. नव्या ॲम्प्लिफायरमुळे बाजूचे दोन स्पीकर मोठे झाले आणि मधला मागे पडला. गाळ्यावर दोन गडी नवे घेतले आणि तोल मात्र जुनाच ठेवला, असा हा प्रकार होता. नवे यंत्र जोडले की रिसीव्हरबरोबर येणारा मायक्रोफोन बसण्याच्या जागी ठेवून सर्व स्पीकरांचा तोल पुन्हा करावा लागतो, हे मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी ते केले. मधला स्पीकर फळीच्या आत दडला होता तो काठाशी आणून कानाच्या रोखाने किंचित वर कलविला. मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागला. सौ.ना तरीही येईना.

मग मी आवाज वाढविला. त्या म्हणाल्या, "मोठे नको; कानाला बोचते. मला आवाज येतो, शब्द येत नाहीत." आवाज येतो, शब्द येत नाहीत! सबंध आयुष्य शाळेत काढलेल्या माणसाला ह्या वाक्याने विचारात पाडावयास हवे होते, त्याऐवजी मी म्हणालो, "तुमचे लक्षच नसते." हे वाक्य त्या दिवशीचे नव्हते. गेली दोन वर्षे मी ते म्हणत होतो. चहा मागितला की पाणी येई. लेकीचा दूरध्वनी आला की त्या दोन वाक्ये बोलून तो माझ्याकडे देत. मंडळाच्या हळदीकुंकवास जाणे त्यांनी सोडले होते. मी त्याला वयाचा कंटाळा समजत होतो.

रात्री झोप येईना. यंत्राचा दोष शोधताना आपण एकेक तार काढून पाहिली. मग माणसाच्या बाबतीत तसा विचार का केला नाही, असे मनात आले. सकाळी मी त्यांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली आणि म्हटले, "आज श्रुतलेखन घेतो." त्या हसल्या, पण बसल्या. मी पाठीमागे उभा राहून, ओठ दिसू न देता, नेहमीच्या आवाजात वीस शब्द सांगितले. 'साप' सांगितला तर त्यांनी 'ताप' लिहिले; 'सात'चे 'हात' झाले; 'शाळा'चे 'काळा' झाले. 'माळ', 'मोर', 'नाव', 'गूळ' हे शब्द मात्र बिनचूक आले. वीसपैकी अकरा बरोबर. पाटी माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "गुरुजी, नापास करू नका." मला हसता आले नाही.

त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. श्रवणचाचणी झाली. आलेख पाहिला तेव्हा डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांत, रेघ बरीच ठीक होती. वरच्या स्वरांकडे जाताच ती घाटाच्या उतारासारखी खाली गेली होती. दोन्ही कानांना वयोमानाने येणारे हे बहिरेपण. त्याचे वैशिष्ट्य असे की स्वर ऐकू येतात आणि व्यंजने निसटतात. 'आ', 'ओ' ह्यांसारख्या स्वरांत आवाजाचे बळ असते व ते खालच्या पट्टीत असतात. 'स', 'श', 'त', 'क' ही व्यंजने वरच्या पट्टीतील व अशक्त असतात. परंतु शब्दाचा अर्थ व्यंजनांवर उभा असतो. व्यंजने गेली की भाषेची नुसती गुणगुण उरते. अशा कानापुढे आवाज सरसकट मोठा केला, तर जे आधीच ऐकू येत होते तेच बोचू लागते आणि जे ऐकू येत नव्हते ते अंधुकच राहते. चौदा किलोच्या ॲम्प्लिफायरने जे साधले नाही त्याचे कारण हे.

श्रवणयंत्र घ्यावे असे डॉक्टरांनी सुचविले. त्याला खर्च ॲम्प्लिफायरपेक्षा अधिक होता. सौ. ठाम नाही म्हणाल्या. पैशांचे कारण होतेच. पण दुसरे कारण त्यांनी हळूच सांगितले. "चार बायकांत ते कानात घालून बसले तर म्हणतील, म्हातारी झाली." मी म्हटले, "चष्मा लावता तेव्हा कोणी काही म्हणते काय?" त्यावर त्या म्हणाल्या, "चष्म्याला कोणी हसत नाही. बहिऱ्याला हसतात. दोन वर्षे तुम्हीही चिडतच होता." ह्या उत्तरास माझ्यापाशी प्रत्युत्तर नव्हते, आणि आजही नाही. मी क्षमा मागितली. महिन्याभराने त्या तयार झाल्या.

श्रवणयंत्र म्हणजे काय? तेही मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ह्यांचेच बनलेले आहे; केवळ शेंगदाण्याएवढे. परंतु ते सर्व आवाज सरसकट वाढवीत नाही. आलेखात जेथे खड्डा आहे तेवढाच भरते. वरची व्यंजने उचलते, खालच्या घरघरीस हात लावीत नाही, आणि मोठ्या आवाजास आवर घालते. त्याची सवय व्हावयास काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी ताटलीचा आवाजही असह्य होतो, म्हणून काही जण ते पेटीत टाकून देतात. तसे न करता धीर धरावा. सौ.नी धरला. दोन महिन्यांनी आम्ही 'संत तुकाराम' लावला. हा जुना बोलपट. त्याचा ध्वनी एकाच वाटेचा. पाच स्पीकरांचा आणि माझ्या नव्या ॲम्प्लिफायरचा त्यास विशेष उपयोग नाही. मधल्या एका स्पीकरातून तो येत होता. त्या शेवटपर्यंत बसल्या, आणि मधेच उठून मला म्हणाल्या, "आवाज थोडा कमी करा." दोन वर्षांत ही विनंती मी प्रथमच ऐकली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी उलटलेल्या लोकांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांना कार्यात अडथळा आणील इतके बहिरेपण असते. म्हणजे ह्या सभागृहात माझ्या वयाचे जे बसले आहेत, त्यांतील दर चौघांत निदान एकाला मी काय बोलतो हे पुरते कळत नसावे. ते मान डोलावत असतील, कारण मान डोलावणे सोपे असते. त्यांच्या घरच्यांना माझी प्रार्थना आहे की 'लक्ष नाही' असा शेरा मारण्यापूर्वी वीस शब्दांचे श्रुतलेखन घ्या. आणि त्यात चूक आढळली तर चाचणी करवा. तरुणांसही एक शब्द. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसास आठ तासांहून अधिक राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलस ती मुदत निम्मी होते, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलच्या मिरवणुकीत पंधरा मिनिटांतच दिवसाचा वाटा संपतो. गेलेले श्रवण परत मिळत नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देतो. स्पीकर ४ ओहमचे असतील, खोली मोठी असेल, यंत्र वारंवार बंद पडत असेल किंवा मोठ्या प्रसंगी आवाज फाटत असेल, आणि रिसीव्हरला 'प्री-आउट' असेल, तर जोड-ॲम्प्लिफायर अवश्य घ्यावा. पैसे वाया जाणार नाहीत. खोली लहान, स्पीकर साधे ८ ओहमचे, आणि तक्रार केवळ 'संवाद कळत नाहीत' एवढीच असेल, तर घेऊ नये. त्याऐवजी यंत्रास हवा द्यावी, मधला स्पीकर कानाच्या रोखाने आणावा, तोल करावा. आणि तरीही कळले नाही तर दोष यंत्रात शोधणे थांबवून प्रेमाने माणसाकडे पाहावे.

जाता जाता कार्यकारी मंडळास एक विनंती करतो. आपल्या समारंभात मागच्या रांगांस ऐकू येत नाही म्हणून दर वर्षी अधिक मोठा ध्वनिक्षेपक भाड्याने आणला जातो, आणि पुढच्या रांगांतील वृद्ध कानांवर हात ठेवून बसतात. एका मोठ्या स्पीकराऐवजी दोन्ही भिंतींस चार लहान लावले, तर सर्वांना पुरेसे आणि कोणालाही जाचक न होणारे असे ऐकू येईल. बळ वाढविण्याआधी ते योग्य जागी पोचते की नाही हे पाहावे, एवढेच मला ह्या सर्व उद्योगात शिकावयास मिळाले.

 ज्यांना ऐकू आले नसेल, त्यांनी संकोच न बाळगता सभा संपल्यावर मला भेटावे. मी त्यांच्या समोर बसून, सावकाश, पुन्हा सांगेन.